भरपाईचा माळ

माझं नाव सुंद्रा. माहेर तिकडं कर्नाटकाच्या शिवंला, म्हणून बोलताना मधीच कानडी येतंय, हसू नगा. आमी धनगर. आजा बकरी राखायचा, बाप बकरी राखायचा, आमच्याकडं बकरी म्हंजे मेंढरं बरं का, शेळ्या न्हवं. लगनात बापानं भांडी न्हाईत दिली, एक गाभण बकरी दिली, काळ्या तोंडाची, तिच्या गळ्यात हळदीचं फडकं बांधलं आणि म्हणाला, बाई, ही जगली तर तू जगशील. ती जगली. तिची पैदास वाढत गेली, सगळी काळ्या तोंडाची, आणि तसलं कोकरू झालं की सासू म्हणायची, सुंद्राचं झालं. दागिना बिगिना कायबी न्हवता, पर माझं म्हणाय तेवढं हुतं.

घरात आमचं मालक आणि त्येंचा धाकटा भाऊ मायाप्पा. मी आले तवा मायाप्पा उघडा हिंडायचा, त्येला मी न्हाऊ घातलंय, त्येचा शेंबूड पुसलाय. पुढं मालकांचं गुडघं गेलं आणि मायाप्पाच सगळी बकरी घिऊन हिंडाय लागला, वाटणी आमी कवा केलीच न्हाय, कळप एकच, कानाला खुणंची खाच बी एकच. ऊस गेला की कुणाच्या रानात बकरी बसवायची खतासाठी, आणि एरवी ह्यो माळ. तुमी जयशिंगपूरच्या रस्त्यानं आला न्हवं, ते तारंचं कुंपण दिसलं, त्योच. पयलं तितं तार न्हवती, नुसतं गवत.

मग काय सांगू तुमास्नी, एक दिवस सायब लोक आलं. तिकडं घाटात राखीव जंगल हाय म्हणं, तितं एक कंपनी बंगलं बांधणार, शिरमंतांस्नी सुट्टीत राहाय. त्येच्यासाठी जंगल तोडायचं, आणि कायदा म्हणतोय तोडलं की तेवढीच झाडं दुसरीकडं लावा. ती दुसरीकडं म्हंजे आमी. मी इचारलं, सायब, मग तिकडची पाखरं हिकडं याची हाईत काय, तर हसला. तुमचा माळ पडीक हाय म्हणाला, नुसता पडलाय. आता ज्या गवतावर आमच्या चार पिढ्या जगल्या त्येला ह्यो पडीक म्हणतोय, आणि गावातली मोठी माणसं माना हलवत्यात. तार घातली. खड्डं मारून रोपं लावली. आणि गावातलं एक माणूस राखणीला पायजे म्हणून आमच्या मालकांस्नीच घेतलं, खाकी शर्ट दिला, शिट्टी दिली. काम काय, तर बकरी आत येऊ द्याची न्हाईत.

मी म्हटलं, अवो, आपलीच बकरी हाकलायची नोकरी करताय व्हय. तर म्हणालं, गुडघं मोडलेल्या माणसाला दुसरं कोण इचारतंय. ते बी खरंच हुतं. पर शर्ट अंगात आला आणि माणूस बदललं बगा, घरात बी शिट्टी गळ्यात.

तार घालून दोन वर्सं झाली, त्या उन्हाळ्यात भाईर कुठं काडी न्हवती. मायाप्पा बाभळीखाली पडला, त्येचा डोळा लागला आणि बकरी तारंच्या फटीतनं आत गेली. झाडं तर कवाच वाळून गेल्ती, मुरमात काय जगतंय, पर गवत कमरंएवढं झालतं. मालकांनी शिट्टी मारली. मायाप्पा पळत आला, म्हणाला, दादा, आपलीच हाईत की, सोड. मालक म्हणालं, नोकरीवर असताना माझं कोण न्हाय. मी रस्त्यात आडवी उभी राहिले, तर मला बाजूला सारलं. आणि मग त्येनी हाळी दिली, जुनी हाळी, संध्याकाळी घराकडं न्ह्याची. बकरी वळकत्यात की आवाज. माना खाली घालून त्येंच्या मागनं चालत गेली, हाकलाय सुदीक लागली न्हाईत, सरळ कोंडवाड्यात.

मायाप्पा दंड भरून सोडवाय गेलाच न्हाय. कोंडवाड्यातनंच यापाऱ्याला दिली. मी त्येच्या पाया पडले, म्हटलं माझी काळ्या तोंडाची तेवढी तर ठेव. तर म्हणाला, वैनी, दादाच्या हातनं कोंडली, आता आणून चारू कुठं. आता त्यो इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला हाय, घरात पाऊल टाकत न्हाय. माझ्यावर त्येचा राग न्हाय म्हणत्यात, पर येत बी न्हाय.

म्हैन्याभरात बंगल्यांचं उद्घाटन झालं. मालकांस्नी गाडी पाठवली, मला बी न्हेलं. मोठा सायब माइकवर म्हणाला, आमी निसर्गाकडनं जेवढं घेतलं त्येच्या दुप्पट दिलं, आणि राखणदार म्हणून मालकांच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. पुरुषांच्या पंगती फुडं, तांबडा पांढरा रस्सा, आणि बाया मागं सैपाकाकडं. मी हात धुवाय मोरीकडं गेले. तितं घमेल्यात मुंडकी हुती. काळी तोंडं. कानाला आमची खाच.

मी वळखली बगा, एक एक. भाईर आले तर मालक शाल पांघरून बसल्यालं, आणि वाढपी इचारतोय, मामा, आणि थोडं मटण घालू काय, आणि ते वाटी फुडं करत्यात.  चार लोकांत त्येंचा पयल्यांदा मान झालता, त्यो कसा मोडू. मला तवा मालकांचा इतका राग आला की त्येंच्या तोंडाकडं बघवंना, आणि कीव बी तेवढीच आली.

ती मुंडकी कुणाची हुती ते मालकांस्नी आजून सांगिटलं न्हाय. जेवताना कवातरी म्हणत्यात, सुंद्रे, त्या बंगल्यावरचा रस्सा, तसला जन्मात खाल्ला न्हाय. मी भाकरी वाढते. माळ बगाय सायब येणार असला की कंत्राटदार रोपवाटिकेतनं पिशव्या आणून खड्ड्यात उभ्या करतोय, फोटू काढून झालं की परत भरून न्हेतोय. मालक त्येच्यावर शिट्टी मारत न्हाईत, ती बकऱ्यांसाठी हाय.

तुमी लिवा हे सगळं, मालकांस्नी वाचाय येत न्हाय. देव तुमचं बरं करो. आणि जाताना तेवढं तारंचं फाटक ओढून घ्या. बकरी आता गावात कुणाची न्हाईत, पर उघडं दिसलं की मालकांस्नी झोप लागत न्हाय.