गठाणीवर उभा मंगेश

बॉक्सिंग हा डोक्याचा खेळ हाये, हे पयले लिहून घ्या भाऊ. आमचे तायडे सर हे वाक्य अशा आवाजात बोलत की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहे. डोक्याचा खेळ. म्हणूनच सारे डोक्यावर मारतात, हे मले मांगाहून समजलं.

मी मूळचा वलगावचा, आमचं घर विहाराच्या बाजूले. बाप अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात रुईच्या गठाणी, म्हंजे दाबून बांधलेले गठ्ठे, उचले, मंग आमी सारेच अकोल्याले आलो, अन् बाप थकला तवा त्याच्या जागी मी लागलो. काय सांगू तुमाले, मायी उंची दहावीत थांबली पण रुंदी थांबलीच नाही. माय म्हणे, हा उभा वाढाचा तं आडवा वाढून राह्यला. ब्याण्णव किलो. पण पाय हलके. जिनिंगात पाय हलके नसले तं अंगावर हातगाडी येते, एकदा आली की माणूस दुसऱ्यांदा जागेवर उभा राहत नाही.

तायडे सर शाळेत कवायत शिकवत अन् संध्याकाळी जिनिंगामांगच्या मैदानात बॉक्सिंग. मले पायलं अन् म्हणाले, तू हेवीवेट. मी म्हनलं, सर, मी बुटका हावो. सर म्हणाले, अरे, बॉक्सिंगात वजन मोजतात, उंची कोणी मोजत नाही. हे ध्यानात ठेवा भाऊ, हे पुढं कामात येते.

तवा बापाचा खोकला वाढला होता. इतके वर्सं रुईचा भुसा छातीत गेला होता, तो खोकलला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवत. अन् एक दिवस मी खोकललो तं मायनं हातातली पोळी तव्यावर तशीच राहू देली अन् माह्याकडं पायत राह्यली. राज्याचं मेडल भेटलं तं पोलीस भरतीत खेळाडूची राखीव जागा असते, असं सरांनी सांगितलं होतं. जिनिंगातून बाहीर निंघाचा तेवढा एकच दरवाजा होता. मायनं खाकीच्या कपड्याचा भाव बी विचारून ठेवला होता.

मी राज्याच्या फायनलमधी गेलो. समोर परतवाड्याचा आकाश. सहा फूट चार इंच. मायबापानं नाव विचार करूनच ठेवलं असन. सर त्याची एक लढत पाहून आले, बशीत चहा ओतला अन् प्याचं विसरले. मंग म्हणाले, लांबून लढला तं तू मेला. त्याचा डावा हात येईन, तू डोकं बाजूले घे, अन् तो हात मांगं जाईन ना, त्या हातासंगं तू बी आत जा. आत गेला की त्याचे लांब हात कामाचे नाही. तिथून बरगडीत मार. डोक्याकडं तं पायजूच नको.

डाव बराबर होता, मी आजबी मैदानात पोट्ट्याइले तोच शिकवतो. पण सराव कोणासंगं करा? अकोल्यात तेवढा उंच माणूस भेटेना. मंग सरांनी जिनिंगातली एक रुईची गठाण मैदानात आणली, चांगली दीड फूट उंच, अन् तिच्यावर माह्या मावसभावाले, मंगेशले उभं केलं. मंगेश आता आकाशपेक्षाबी अर्धा फूट उंच झाला. सर म्हणाले, असू दे, लढतीत सोपं जाईन. तीन महिने मी मंगेशच्या बरगड्या फोडल्या. तो वरून बोंबले, दादा, हळू ना बे, अन् तुले टक्कल पडून राह्यलं, इथून साफ दिसते.

फायनल अमरावतीले. घंटी झाली, आकाशचा डावा हात आला, मी डोकं बाजूले घेतलं, हात मांगं गेला, मी त्याच्यासंगं आत घुसलो, बरगडीत ठेवून देला, अन् भाऊ, तिथं बरगडीच नोती. तो मांगं सरकला होता! मी रिंगणात उभाच राहून गेलो. मंगेश गठाणीवरून मांगं सरकता तं पडता, म्हणून तो तीन महिन्यात एकदा बी सरकला नाही. उंच माणसाले पाय असतात, हे मले, सरांले, मंगेशले, तिघांतून एकाच्याबी ध्यानात आलं नोतं. मी मांगं पयतो, तो सरकते, मी पयतो, तो सरकते, अन् जाता जाता नाकावर देते.

राउंड संपला. सरांचं तोंड पांढरं. सर म्हणाले, पाणी पे. बस. एवढंच. दोरीबाहीरून मंगेशच वरडला, अबे, त्याच्या मांगं काय पयतं? वलगावात आपला मामा सुटलेला गोऱ्हा कसा धरे? मामा गोऱ्ह्यामांगं कधीच पयत नसे, गोऱ्हा ज्या बाजूनं निंघन ती वाट तिरपा चालत जाऊन अडवे, अन् कुंपणाच्या कोपऱ्यात घाले. मी तसंच केलं. तो डावीकडं निंघाले पाहे, मी तिथं उभा. उजवीकडं पाहे, तिथं बी मी. त्याची पाठ दोरीले लागली अन् सरकाची जागा संपली. आता तो मंगेश झाला. मंग मी बरगड्या मोजल्या. पंचानं हात वर केला तं मी वळून पायलं, कोणाचा हाये म्हनून.

भरतीच्या दिवशी मेडल गळ्यात. मले उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. एक सेंटीमीटर कमी. पुन्हा मोजा म्हनलं. तीनदा मोजली, तिसऱ्यांदा तो कारकून बिचारा सवताहून म्हणे, मान ताणा. मंग म्हणे, दादा, मेडलवर जागा राखीव असते, उंची नसते. इतके वर्सं मायं वजन शंभरदा मोजलं असन, उंची कोणीच मोजली नोती. लायनीत माह्या मांगं आकाश, हातात दुसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट. तो लागला.

मी अजूनई जिनिंगातच हावो, तोंडाले फडकं बांधतो. बाप गेला. आकाश अकोल्यातच शिपाई हाये, रविवारी मैदानात येते, मंग घरी येऊन मायच्या पाया पडते. माय त्याच्या खाकीवरून हात फिरवते. भलं होवो त्याचं, वाईट पोट्टा नाही.

मागच्या रविवारी मी त्याले इचारलंच, लेका, पयल्या राउंडात मले एवढं नाचवलं, मंग दुसऱ्यात असा कावून अडकला? तो लाजला. म्हणे, तू असा आडवा चालशीन हे कोणालेच वाटलं नोतं. आमच्या सरांलेबी परतवाड्यात तुह्याएवढा बुटका हेवीवेट भेटला नाही. त्यायनं तीन महिने मले खुर्चीवर बसलेल्या माणसाशी लढवलं.