खोली नऊची सूचना

— छे हो, मशीन बंद नव्हतं! कुणी सांगितलं? खोली नऊमधलं, तुमच्या आईच्या खाटेजवळचं मशीन ठणठणीत होतं, धोक्याची सूचना पाठवत होतं — भर दुपारी, सलग अकरा मिनिटं. बसा ना, उभे का? या इस्पितळाचं नेटवर्क मी बघतो, मला ठाऊक नसणार तर कुणाला? आता ती पोचली का नाही, ते विचारा. तर रुग्णांच्या खोल्यांतली मशीनं एका नेटवर्कात, नर्सच्या खोलीतला स्क्रीन दुसऱ्या. एकाच नेटवर्कात असतं तर स्विच — म्हणजे निरोप इकडून तिकडे पोचवणारा डबा हो — डोळे मिटून पोचवतो. पण एकातून दुसऱ्यात पाठवायचं तर त्याला रस्ता लिहून द्यावा लागतो — अमुक पत्त्याचं आलं की इकडे सोड. रस्ता माहीत नाही? मग फेकून देतो. वर कुणाला सांगतही नाही, निर्लज्ज.

आणि रस्ता लिहिला कुणी? आमच्या हाताखालच्या बाईंनी. हुशार हो, फार हुशार! भर मीटिंगमध्ये माझी चूक काढली होती, सगळ्यांसमोर — असो. तर बाईंनी रस्ता लिहिला, चालू केला, आणि सेव्ह करायला विसरल्या. म्हणजे काय, तर स्विच चालू आहे तोवर त्याच्या लक्षात, बंद पडला की गेलं सगळं. मंगळवारी वीज गेली, दोनच मिनिटं. स्विच पुन्हा उठला तेव्हा रस्ता गायब. तुमच्या आईची सूचना त्याच्यापाशी येत होती आणि तो टाकून देत होता. एक ओळ हो, साधी एक ओळ! शेंबडं पोरही विसरणार नाही. मी तर आधीच्या शुक्रवारीच बघितलं होतं, सेव्ह केलेलं नाही म्हणून — म्हटलं, बोलायचंच नाही, आपटू दे एकदा तोंडावर, जिरू दे चांगली.

आता रडू नका बुवा. वय काय होतं? एक्याऐंशी? मग! झालंच होतं की आयुष्य. हा घ्या कागद, तक्रार इथंच लिहा, वर मी पोचवतो. बाईंचं नाव, हुद्दा, सगळं सांगतो, लिहून घ्या. नोकरी गेली की कळेल तिला.

काय? ... हो, शुक्रवारी. मग? ते काय माझं काम होतं? तिची चूक मी का निस्तरू? ... अहो, मी बाईंचं नाव सांगितलंच नाही अजून, लिहिताय काय? टेबलावरच्या माझ्या पाटीवरून काय उतरवून घेताय? अहो —