वांगावरचा बिब्बा

(मुलांनो, कुडपणमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. भर दुपार. प्रयागबाईने आपल्या सुनेला, तुळसाला, केस मुठीत धरून जमिनीवर दाबलंय. दुसऱ्या हातातल्या सुईला टोचलेला बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर तडतडतोय, त्यातून तेल सुटायला लागलंय. दहा वर्षांची सेजल आत्ताच शाळेतून आलीय. तिच्या जागी तुम्हीच दारात उभे आहात असं समजा.)

प्रयागबाई: हलू नको म्हंते ना! हललीस तर डोळ्यात जाईल तेल.

तुळसा: आत्या, पाया पडते! टाच आन् गाल एक हाय का?

प्रयागबाई: माझ्या टाचंच्या भेगा ह्यानंच गेल्या. तुझ्या गालावरचे काळे डागपण जातील. उद्या निशाला बघायला पोलादपूरची माणसं येतायत. वैनीच्या तोंडावर रोग बघून माघारी फिरली म्हंजे? माझी लेक तशीच ठेवू घरात?

तुळसा: मी नाय येत म्होरं. रांधते आन् मागल्या दारी बसते. सोडा!

प्रयागबाई: गप! अजून एक वाजवीन. सेजल, बघत काय ऱ्हायलीस? आईशीचे हात धर.

सेजल: आजी, तिच्या ओठातून रगत येतंय.

प्रयागबाई: येऊ दे. उलटून बोलली, म्हणून मारलं. धर हात!

सेजल: तो रोग नाय गो आजी. वांग हायेत. मी गेलेली ना महाडला आईसंगती. डॉक्टरीणबाई बोलल्या, ते कुणाला लागत नायत. बाळ पोटात असताना येतात, उन्हानं वाढतात. धाकट्याच्या वेळी आईला आठवा म्हयना लागलेला, तरी दिवसभर कापणीला होती ना?

प्रयागबाई: आम्हीपण केली कापणी. आमची तोंडं झाली अशी?

सेजल: सगळ्यांना नाय येत. त्यात बाबानं मुंबईवरनं गोरं करायची ट्यूब आणली. दोन महिने तोंड चकाकलं, मंग लाल झालं, मंग होतं त्याच्या दुप्पट काळं. डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब बंद केली. दुसरं मलम दिलंय, उन्हात जाताना लावायचं. टोपी घालायची. घासायचं नाय. भाजायचं तर नायच.

प्रयागबाई: मंग जाणार कधी? उद्या?

सेजल: महिने लागतील. गेले तरी परत येतील, बोलल्या.

प्रयागबाई: काय उपेग त्या डॉक्टरणीचा? पाव्हणे उद्याच्याला दारात!

सेजल: तू भाजलंस तर तिथं फोड येईल. मंग डाग अजून काळा होईल, आजी. कायमचापण होईल.

तुळसा: सेजल, तू भायेर जा गो. बघू नको.

प्रयागबाई: कुठं धाडतेस तिला? थेंब सुटला बघ... सेजल! हात सोड माझा! कढत हाय ते!

तुळसा: सेजल!

प्रयागबाई: पडला ना मनगटावर! जळत नाय तुला?

सेजल: जळतंय.

प्रयागबाई: मंग सोड ना, कार्टे!

सेजल: आधी तू आईचे केस सोड.