पंचफुलाचा ठिपक्याचा वाल

...नाही नाही, उठू नका मॅडम, चहा टाकला हाये मी — दूध नाही, काळा चहा हाये — आता माह्याच हातचा प्या लागते, घरातली बाई गेली ना. हो, पंचफुलाच गेली. होळी झाली आन् मंग गेली. तुमाले कोण सांगन बापा, तुमचा नंबर तिच्या मोबाइलात, आन् थो मोबाइल मले चालू कराले येत नाही. तुमी संक्रांतीले आलत्या तवा कशी ठणठणीत होती, मांडवाखाली उभी राहून शेंगा दाखवून राहिलती तुमाले. तुमी फोटो काढला, त्यात तिचा हातच आला वाटते, तोंड नाही आलं. असू द्या. मृगाच्या आधी या, मूठभर वाल काढून ठेवते, असं बोललती ना तुमाले? मंग हे घ्या. ही पुडी. पिशवीत ठेवून द्या, उघडू नका, हवा लागते. आन् थे नागपूरले तुमचं बियाण्याचं घर हाये ना, थंड्या खोलीतलं, तिथं बाटलीवर तिचं नाव लिहाचं कबूल केलतं तुमी. पुरं नाव लिहा — पंचफुला लहानू, आन् पुढं आडनाव. नुस्तं 'स्थानिक वाल' असं नका लिहू.

उघडली काहून पुडी? वालच हायेत. काय पाहून राहिल्या — ठिपके? हो, तिच्या वालाले काळे ठिपके होते, कोणी अंगावर शाई शिंपडल्यावाणी. आता राखेत ठेवलं का रंग उडतोच जरासा, उन्हाळाही किती तापला यंदा, इथं आमच्या पारशिवनीकडं तर माणसाचा रंग उडते, वालाचं काय घेऊन बसल्या... नाही उडत? अशे पाहू नका मॅडम माह्याकडं. चहा घ्या. थंडा होऊन राहिला.

किराणातले हायेत. काल आणले पारशिवनीहून.

तुमाले सांगतो, पण बोलू नका कुठं. यंदा अवकाळीनं फूल झडलं, शेंगा लागल्याच कमी. पंचफुला म्हणे, यंदा खाचे नाही, सारे बियाण्याचे. आन् बाईले वालाची भाजी किती आवडे — वांगं टाकून, तिखट करून — ताटात वाल असले तर तिले दुसरं काही लागे नाही. पण यंदा एक दाणा तोंडात टाकला नाही तिनं, मलेही देला नाही. सारे वाल राखेत कालवून मडक्यात, वरून शेणानं तोंड लिपलं. मंग ताप आला, मंग सरकारी दवाखाना, मंग... ते जाऊ द्या. तेरवी आली. माही बहीण, प्रमोदिनी, तिनं सारं हातात घेतलं. मी बाहेर माणसाइत बसलो होतो, डोक्स्याचे केस काढलेले, कोणी काही बोले का नुस्ती मान हलवाची. अशात मोरीतून पाणी येताना दिसलं, करडं पाणी, राखेचं. मले समजलं. उठलो, चुलीजवळ गेलो. गंजात सारेच वाल शिजून राहिले होते, आन् प्रमोदिनी रडत रडत ढवळे आन् म्हणे — भाऊ, वयनीनं यंदा तोंडाले लावले नाही ना वाल, मडक्यात सापडले, म्हटलं तिच्या तेरवीले तिच्याच आवडीचं करू.

शिजला वाल उगवते का? तिनं जीव लावून केलं बिचारीनं. पंचफुलाच्या नावानं पान वाढलं, त्यावर पहिले वालच वाढले. लोकाइनं मागून मागून खाल्ले, म्हणे अशी चव आताच्या वालाले नाही. मीही खाल्ले. दोनदा घेतले. चांगले झालते — हे आता कोणाले सांगू, चांगले झालते थे. प्रमोदिनीले अजून माहीत नाही. तिले कळलं तर मरन ते.

दुसऱ्या कोणाच्या घरी असन? अवं बेटा, मी काय बसून राहिलो काय? साऱ्या गावात फिरलो. आमच्या गावात नवी नवरी आली का पंचफुला तिच्या ओटीत मूठभर वाल टाके — इकाचा नाही, लावाचा, आन् पुढच्या नवरीले द्याचा. कित्येक नवऱ्याइले देला असन. एक म्हणे, बुवा, माकडं मांडव ठेवत नाहीत, सोडून देला. एक म्हणे, आमी पाकिटातला लावतो, झुडपी हाये, मांडव लागत नाही. तिकडं भिवापूरले भाची हाये, कामिनी, तिच्याकडंही गेलो यष्टीनं — थे हसली, म्हणे, मामा, मी काहून ठेवू, मामीपाशी असतेच ना. साऱ्याइचं हेच. पंचफुलापाशी हाये, मंग आपल्याले काय घोर. साऱ्याइनं तिच्या भरोशावर सोडला, आन् तिनं मडक्याच्या भरोशावर.

म्हणून म्हटलं, दाणा नाही तर नाव तरी राहीन कुठं. पोटी लेकरू नाही आमाले. तुमच्या थंड्या खोलीत शंभर वर्षं राहते म्हणे बाटली. कोण पाहाले येते ठिपके हायेत का नाही? लिहा ना. पंचफुला. तेवढंच लिहा, आडनाव नका लिहू.

...नाही ना लिहीत. समजलं मले. बरोबर हाये तुमचं, दुसऱ्या वालावर तिचं नाव कसं लिहान, तिनंच पुडी फेकून मारली असती मले. द्या इकडं. संध्याकाळी शिजवून घेतो. तुमी निघा आता, साडेचारची गेली तर मंग गाडी नाही. रडू नका, उन्हात डोकं दुखन. आन् जाताना ते फाटक लावून घ्या, बकऱ्या येतात मांडवात —

नाही, राहू द्या उघडं. आता काय खातीन बकऱ्या.