मामंजींनी वाळ्याचा पडदा काढला

सगळे नीट बसा, ज्याले पान थुंकायचं त्यानं थुंकून यावं, कारन आता मी अशी गंभीर बाब सांगून राहिली की जिच्यात एका वकिलाचं मनगट, एका पोरीचं लग्न अन् एका घराची अब्रू एकाच वक्ताले टांगली होती. टांगली म्हंजे खरोखरच टांगली होती, खिडकीवरच्या दोन आकड्यांले. ती बाब म्हंजे घरातला पडदा खाली कसा काढावा. हसू नका भाऊ. लिहून घ्या.

मी चांदूर रेल्वेची. बाप मास्तर, घर स्टेशनाजवळ, गाडी आली की फळीवरची भांडी वाजत. उन्हाळा लागला की आमच्या खिडक्यांवर वाळ्याचे पडदे चढत. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेली, दाराच्या फळीएवढा एकेक पडदा. दिवसभर त्याच्यावर पानी मारायचं, की बाहेरची झळ आत येता येता गार होऊन जाय, अन् वास तर काय सांगू तुम्हाले. पन तो काढायचा आमच्या घरी कायदा होता. आधी पानी बंद करून वाळू द्यायचा, कारन ओला पडदा रेड्यासारखा जड. मंग दोघांनी दोन बाजूंनं खालून धरायचा, तिसऱ्यानं वरच्या आकड्यांच्या दोऱ्या सोडायच्या, अन् दोरी हाताले गुंडाळायची नाई म्हंजे नाई. माझ्या आजोबानं एकदा गुंडाळली होती. मनगट जे वाकडं झालं ते मरेपर्यंत वाकडंच, बिचाऱ्याचा घास तोंडाऐवजी कानाकडं जाय.

लग्न होऊन मी अकोल्याले आली. सासरे वकील, मामंजी म्हनायचो आमी त्यांले. आवाज असा की खाकरले तर कचेरीपुढच्या लिंबावरचे कावळे उडत. अन् घरची रीत अशी, की सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाई. मले काही सांगायचं असलं की मी सासूबाईले सांगावं, सासूबाईनं मामंजीले सांगावं, मामंजी हाताच्या अंतरावर बसले असले तरी. उत्तर त्याच वाटेनं परत ये. लग्नाले वर्सं उलटली, पन त्या मानसानं माझा आवाज म्हनून ऐकला नव्हता.

अन् मंग माझ्या नंदेले, कमळीले, पाहाले अमरावतीचे पाव्हने येनार म्हनून ठरलं. अमरावतीवाले अकोल्याले भट्टी म्हनत, म्हनून मामंजीनं सकाळपासून बैठकीच्या पडद्यावर पान्याच्या घागरीवर घागरी ओतवल्या, म्हने येऊ द्या, थंडीनं कुडकुडवतो त्यांले. खोली गार झाली खरी, पन अंधारी. तेवढ्यात स्टेशनावरून निरोप आला, की मुलाची आई म्हनते पोरगी आमी उजेडात पाहू, दिव्यात काळी-गोरी समजत नाई. झालं. मामंजी उठले, धोतर खोचलं, म्हनाले पडदा मीच काढतो. आमचे हे पाव्हन्यांले आनाले स्टेशनावर गेलेले, घरात दुसरा पुरुष नाई.

खिडकीखाली स्टूल. स्टुलावर मामंजी. स्टूल धरून खाली सासूबाई, बरोबर पडद्याच्या पोटाखाली. पडद्यातून पानी ठिबकून राहिलं होतं. अन् मी माजघराच्या दारात, पदर कपाळापर्यंत, कमळी मागून माझा दंड धरून उभी.

मी म्हनलं, सासूबाई, म्हना त्यांले, ओला हाय, आज नका काढू. सासूबाई म्हनल्या, अहो ऐकलं का, सून म्हनते जरा ओला हाय. मामंजी म्हनले, सांगा तिले, ओला हाय हे कोर्टाले दिसते. मी म्हनलं, निदान खालून धरनारं कोनी बोलवा. सासूबाई म्हनल्या, ती म्हनते कोनी बोलवायचं का. मामंजी म्हनले, काहून? वकील मेला का?

एवढं बोलून त्यांनी उजवीकडची दोरी सोडली, अन् ताबा राहावा म्हनून तिचं टोक आपल्याच मनगटाले गुंडाळलं. एक वेढा. दुसरा वेढा. माझ्या डोळ्यापुढं आजोबा जेवाले बसले.

मंग डाव्या गाठीले हात घातला. आता सगळा भार डाव्या आकड्यावर, अन् त्या आकड्याच्या बुडातून चुना गळाले लागला. पह्यले भुकटी, मंग खडे. सासूबाईच्या पांढऱ्या केसांत पडले तर त्यांले समजलंही नाई. मी म्हनलं, सासूबाई, आकडा! त्या म्हनल्या, अहो, ती म्हनते आकडा. मामंजी म्हनले, कोनता आकडा? सासूबाईनं माझ्याकडं पाहिलं, कोनता गं? अन् तेवढ्यात बाहेर टांगा थांबला. मामंजी घाईले आले, गाठ सुटेना म्हनून दात लावाले वाकले. आकडा बोटभर बाहेर आला.

भाऊ, निरोप पोचेपर्यंत मानूस राहते का?

मी पदर सोडला, धावत जाऊन सासूबाईले कमरेनं ओढलं अन् पोटाच्या देठापासून ओरडली, मामंजी, हाताची दोरी सोडा! आधी हाताची!

तो आवाज ऐकून त्या मानसानं असा हात झटकला की वेढे गळून पडले. अन् आकडा उपटला. पडदा भुईवर आला तो तोफ सुटल्यासारखा, सासूबाई उभ्या होत्या तिथली फरशी तडकली, अन् चिखलाचं पानी उडालं ते थेट उंबऱ्यावर उभ्या मुलाच्या आईच्या शालूवर.

मामंजी स्टुलावर, मिशीतून पानी गळून राहिलं, मनगट डोळ्यापुढं धरून उलटून-पालटून पाहत. बाई शालूकडं पाहत. कमळी आत रडाले लागली, की गेलं लग्न. अन् मी उघड्या डोक्यानं सासऱ्यापुढं उभी.

मंग मामंजीनं मान वळवली अन् जल्मात पह्यल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. त्या एका वाक्यावर ती अमरावतीची बाई अशी हसली की भिंतीले टेकली, म्हने ज्या घरात असं बोलनं चालते तिथली पोरगी मले पाहिजे, उजेडाची गरज नाई.

आता मामंजी नाईत, सासूबाई नाईत. कमळी अमरावतीत सुखी हाय, दर उन्हाळ्यात येते अन् अकोल्याले भट्टी म्हनते. पडदे पोरं काढतात, वाळवून, खालून धरून, अन् मी दारात बसून हुकूम सोडत राहते. माझ्या सुना माझ्याशी तोंडावर बोलतात, जरा जास्तच बोलतात. बोलू द्या, देव त्यांचा गळा शाबूत ठेवो. मले त्या मंग चिडवतात, स्टुलावर चढतात, मिशी पुसल्यासारखं करतात, अन् मामंजी त्या दिवशी जे म्हनले ते जसंच्या तसं म्हनून दाखवतात:

काहून वं सूनबाई, एवढा आवाज इतके दिवस कुटं ठेवला होता?