उजवी की डावी, हे अजून सांगायचं नाही

अण्णा, घरची सगळी मंडळी, दवाखान्यातला स्टाफ, आणि आमच्या सकाळच्या लेडीज बॅचच्या मैत्रिणींनो. मागच्यांनी पुढं या की. खुर्च्या रिकाम्या आहेत.

आपल्या डॉक्टर गिरिजाताई गेल्या आठवड्यात झोपेतच गेल्या. आदल्या सकाळी त्या आमच्याबरोबर इथंच, या पोहायच्या टँकवर होत्या, हसत होत्या, नाकात पाणी गेलं म्हणून मला बोलत होत्या. त्यामुळं आज इथं उभं राहून बोलणं अवघड आहे. आणि माझ्यासाठी जरा जास्तच अवघड आहे, कारण मला जे सांगायचंय ते माझ्या मांड्यांबद्दल आहे. समोर पुरुषमंडळी बसलीयत. आमच्या मिस्टरांनी तर आत्ताच मान खाली घातली. असू दे. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "सुनंदा, मांडीला मांडी म्हण. त्यात लाजायचं काय?"

माझं माहेर मोहोळचं. शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले. भावांच्या आधी शिकले. मग लग्न झालं, सोलापूरला आले, चिंचोळीच्या कारखान्यात ऑफिसात लागले, मुलगी झाली. आणि चाळिशीच्या आसपास मांड्यांवर खळगे दिसायला लागले. संत्र्याच्या सालीवर असतात तसे. याला सेल्युलाइट म्हणतात हे मला मोबाइलनं शिकवलं. मी मुलीला पोहायला घेऊन यायची आणि स्वतः कट्ट्यावर बसायची. पाणी समोर, आणि मी ड्रेस आवरून कट्ट्यावर. कॉस्च्युम घालायची लाज वाटायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्याकडं नुसतं बघत बसणं काय असतं, तुम्हाला सांगायला नको.

मग मोबाइलवर एक जाहिरात आली. रेडिओफ्रिक्वेन्सी. लहरींनी कातडीच्या आतल्या थराला ऊब द्यायची, की तो थर आवळतो आणि खळगे भरतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मी ती जाहिरात घेऊन ताईंच्या दवाखान्यात गेले. योगायोग असा, की कुठल्याशा कंपनीचा माणूस तेच मशीन त्यांच्याकडं वापरून बघायला ठेवून गेला होता. मला वाटलं, झालं आपलं काम.

ताईंनी फोटो बघितले. मला म्हणाल्या, "उभी राहा." फरशीवर चिकटपट्टीची फुली होती, तिथं उभं केलं. खिडकीतून बाजूनं ऊन येत होतं, तसा मांडीचा एक फोटो काढला. मग पडदा ओढला, समोरचा दिवा लावला, मला म्हणाल्या, "मांडी जरा आवळून धर." दुसरा फोटो काढला. दोन्ही शेजारी शेजारी दाखवले. पहिल्यात खळगेच खळगे, दुसऱ्यात मांडी गुळगुळीत. मी म्हटलं, अगं बाई. त्या म्हणाल्या, "हा आधी, हा नंतर. मशीन अजून खोक्यातच आहे."

अशी होती आमची डॉक्टर.

मग त्यांनी मला नीट समजावलं. म्हणाल्या, "पुरावा अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. अभ्यास झालेत. पण लहान लहान झालेत. प्रत्येकाचं मशीन वेगळं, मोजायची रीत वेगळी. फरक दिसतो तो बेताचा. आणि थोडे आठवडे बघतात, की संपलं. वर्षानं परत त्या बाईला कोण विचारतंय?" आणि हेही म्हणाल्या, की हा आजारच नाही. बहुतेक बायकांना असतं, अगदी बारीक बायकांनाही.

मी ऐकून घेतलं. आणि म्हटलं, तरी पण करा.

तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "करू. पण एकाच मांडीला."

मी म्हटलं, ताई, मी दोन घेऊन आलेय.

"दुसरी तशीच ठेवायची. नाहीतर फरक मशीननं पडला, का तू भात कमी केलास म्हणून पडला, कळणार कसं?" कुठली मांडी, तेही त्यांनी मला ठरवू दिलं नाही, स्वतःही ठरवलं नाही. दोन चिठ्ठ्या केल्या आणि मला एक उचलायला लावली. त्या चिठ्ठीत काय निघालं हे फक्त आम्हा दोघींना माहीत.

काही आठवडे माझ्या एका मांडीची बडदास्त आणि दुसरीची उपेक्षा चालली होती. मग प्रश्न आला, बघणार कोण? ताई म्हणाल्या, "तू नाही बघायचं. तू आशेनं बघशील. मी पण नाही." मी विचारलं, आमच्या मिस्टरांना दाखवू? म्हणाल्या, "काही उपयोग नाही. ते घाबरून दोन्ही छान म्हणतील." बघा, मिस्टर मान डोलावतायत.

त्या म्हणाल्या, "ज्यांना चिठ्ठी माहीत नाही आणि ज्या तुला घाबरत नाहीत, अशा बायका पाहिजेत." म्हणजे तुम्ही. लेडीज बॅच.

आठवतंय ना सगळ्यांना? मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. ताई कट्ट्यावर बसल्या होत्या, म्हणाल्या, "टॉवेल सोड." आणि तुम्ही सगळ्या माझ्याभोवती. नागमणीअक्का, तुमी चष्मा लावून खाली वाकला होता. आयुष्यभर घरच्या मागावर चादरीतला दोष शोधलेली बाई. लई वेळ बघितलं आणि म्हणालात, "एक जरा बरी दिसतीय. जरा म्हंजे जराच." कुणी दुसऱ्याच मांडीवर बोट ठेवलं. कुणी म्हणालं, दोन्ही सारख्याच हायत. आणि मग अक्का, तुमी कमरेवर हात ठेवून म्हणालात, "माझ्या बी अशाच हायत की. हिच्या बी. हितं कुणाच्या न्हाईत? पाण्यात उतर आता, थंडी वाजंल."

मी उतरले. मोहोळच्या विहिरीनंतर पहिल्यांदा उतरले. पलीकडच्या काठाला हात लावून परत आले, तेव्हा मी रडत होते, पण पाण्यात कुणाला कळलं नाही. आज सांगते.

त्या दिवसापासून मी रोज येते. पोहून पोहून काही महिन्यांत पाय चांगले घट्ट झाले. मी ताईंकडं पळत गेले. म्हटलं, दवाखान्यात माझा फोटो लावा, खाली लिहा की मशीननं गुण आला. ताईंनी विचारलं, "कुठली मांडी घट्ट झाली?" मी म्हटलं, दोन्ही. आणि म्हणता म्हणता माझं मलाच हसू फुटलं. दुसऱ्या मांडीला मशीन लागलंच नव्हतं की. ती नसती ना, तर सगळं श्रेय मी त्या खोक्याला देऊन बसले असते.

ताईंनी कंपनीला कळवलं, की एका बाईवरून मी काही सांगू शकत नाही, पण जाहिरातीतले फोटो आधी एकाच उजेडात काढा. मशीन परत गेलं. ताई मात्र टँकवर आमची मतं विचारायला आल्या आणि इथल्याच झाल्या. अक्का म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी बी या की आत." आल्या. साठीनंतर पोहायला शिकल्या. श्वास धरणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. आम्ही काठावरून आकडे मोजायचो, त्या डोकं पाण्यात घालायच्या, लगेच वर यायच्या आणि म्हणायच्या, "हा धरू नका, परत मोजा."

आता शेवटचं. ताईंनी मला बजावलं होतं, "चिठ्ठीत काय निघालं ते कुणाला सांगायचं नाही. वर्ष झालं की याच बायकांना परत विचारायचंय. टिकतं का, ते बघायचंय." ते वर्ष पुढच्या महिन्यात पुरं होतंय. चिठ्ठी दोघींना माहीत होती. आता एकटीला माहीत आहे.

परवा मी ताईंच्या घरी अण्णांना भेटायला गेले. अण्णांनीच चहा केला. मग अण्णांनी हळूच विचारलं, "सुनंदाताई, कुठली मांडी होती हो? मी नवरा असून मला तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही." मी म्हटलं, अण्णा, तुमच्याकडून बॅचमध्ये फुटलं तर? अण्णा हसले. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले.

म्हणून इथंही मी सांगणार नाही. अक्का, डोळे वटारू नका. पुढच्या महिन्यात मी परत टॉवेल सोडून तुमच्यासमोर उभी राहणार आहे. तुमी चष्मा पुसून या. खरं काय ते सांगा. काही फरक राहिला नसेल, तर राहिला नाही म्हणून सांगा. ताईंना तेच आवडलं असतं. वर्षानं परत विचारणारं कुणीतरी असावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. तर आपण विचारू.

आता सगळे उभे राहू या. घड्याळ लावायचं नाही. प्रत्येकानं एक मोठा श्वास घ्यायचा आणि धरायचा, आपण पाण्याखाली धरतो तसा. ज्याचा जेवढा टिकेल तेवढी त्याची शांतता. ज्याचा लवकर सुटेल त्यानं वाईट वाटून घेऊ नये. त्यानं परत श्वास घ्यावा आणि परत मोजावं.

गिरिजाताई, तुमच्यासाठी. घ्या श्वास.