शेवटचा चांगला ड्राइव्ह

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, आणि चहा आल्याशिवाय जागचं हलायचं नाही असं ठरवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला बजावलंय. मी पडलो ध्वनिमुद्रक. म्हणून एका आवाजाबद्दल बोलतो : टक्, टक्, टक्.

आपण दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. पूर्वी ती सगळी जाडसर, चौकोनी डिस्कवर असायची. प्लास्टिकच्या डबीत लवचिक चकती, तिच्यावर चुंबकीय लेप. ड्राइव्हमध्ये घातली की ती गरगर फिरते आणि इवलंसं हेड तिला जवळजवळ खेटून वाचतं. सोय मोठी; खिशात घालून कुठेही न्या. पण चकतीची कड जरा फाटली, की हेड दुखावतं. दुखावलेलं हेड पुढची धडधाकट डिस्क ओरबाडतं, आणि ती डिस्क दुसरा ड्राइव्ह घालवते. घरात एकाचा खोकला सगळ्यांना लागावा, तसं.

हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? आपल्या अध्यक्षसाहेबांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, इथे मुलांसाठी गोष्टी वाचायच्या. त्या गेल्या, आणि त्यांची एकुलती एक डिस्क टकटक करू लागली. 'या मशीनवर नाही, तर त्या मशीनवर लावून बघू,' हा आपल्या ऑफिसचा रामबाण उपाय. तो करत करत आम्ही एक सोडून सगळे ड्राइव्ह निकामी केले. उरलेला ताईंनी वायरीसकट उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

साहेब म्हणाले, "एकदाच लावा हो."

"नाही लावणार. बाकीच्यांचे आवाज अजून उतरवून घ्यायचेत. हा गेला की तेही गेले. नवीन आता कुणी बनवत नाही."

"माझ्या बायकोचा आवाज आहे तो."

"माहीत आहे, साहेब. माझी मैत्रीण होती ती."

त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. मला विचाराल, तर दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर मध्ये पडायला कुणी धजावलं नाही. ताई मात्र प्रत्येक डिस्कची कड भिंगाखाली तपासून, मगच ती ड्राइव्हमध्ये घालून, नव्या मशीनवर उतरवत राहिल्या.

काल बाकीच्यांपैकी शेवटची डिस्क उतरवून झाली. ड्राइव्ह वरच्या खोलीत ताईंच्या टेबलावर जोडून ठेवलाय. साहेब, आपण वहिनींची डिस्क कोटाच्या खिशात बाळगता, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. वहिनींचा आवाज येईलच, असं ताई म्हणत नाहीत. बहुतेक टकटकच येईल, आणि ड्राइव्ह जाईल. आता गेला तरी चालेल, एवढंच त्यांनी सांगितलंय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. समारंभात न शोभणारं काही बोलून गेलो असेन, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. पण साहेब, आधी ताईंबरोबर वर जाऊन या. आम्ही बसलो आहोत.